वेल्ह्याचा उतार आणि विस्तवावरचं थंड कपाट

वेल्ह्याचं नाव काढलं की पुण्यातली माणसं लगेच तोरणा किल्ल्याबद्दल बोलू लागतात. कुणी तो चढून आलेला असतो, कुणाला चढायचा असतो, आणि ज्याच्याच्यानं आता चढवत नाही तो दुसऱ्यांना वाटा सांगतो. मी वेल्ह्याला तीन दिवस राहिलो, किल्ला सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर होता आणि त्याची एक पायरीही मी चढलो नाही. माझा सगळा वेळ एका कपाटाच्या पाठीमागे गेला. तरी आजवर केलेल्या प्रवासांपैकी एकच पुन्हा करायला मिळणार असेल, तर काशी-रामेश्वर सोडून मी हाच मागेन.

साल छप्पन्न. फाल्गुन लागला होता. मी पुण्यात लष्कर भागातल्या एका दुकानात रेफ्रिजरेटर दुरुस्त करायचो. सगळे मला मिस्त्री म्हणत, पण खरे मिस्त्री म्हणजे आमचे उस्ताद. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती आणि मनातल्या मनात त्यांच्याहून शहाणा झालो होतो. एके दिवशी वेल्ह्याहून एका गुरांच्या डॉक्टरांचा निरोप आला. त्यांचा दवाखाना मोटारीतून गावोगाव फिरायचा आणि त्या मोटारीत रॉकेलवर चालणारं थंड कपाट होतं. कपाटात बुळकांडीची, म्हणजे गुरांना हगवण लागून गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या साथीची, लस होती. कपाट गार होत नव्हतं आणि नदीपलीकडच्या एका गावात बुळकांडीनं गुरं पडायला लागली होती. नवी लस मिळायला पंधरवडा लागला असता. उस्तादांचे गुडघे धरले होते, म्हणून मला एकट्याला धाडायचं ठरलं.

ज्यांनी असलं कपाट पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. खाली रॉकेलचा दिवा असतो आणि पाठीला लोखंडी नळ्यांचं कायमचं बंद केलेलं जाळं. त्या नळ्यांत पाणी, पाण्यात मुरलेला अमोनिया आणि सोबतीला हायड्रोजन वायू. दिव्याच्या आचेनं अमोनिया पाण्यातून सुटून वर चढतो, वरच्या नळ्यांत निवतो आणि पातळ होतो. तोच पुढे कपाटाच्या आतल्या नळीत उतरला की पुन्हा उडून जातो आणि उडताना तिथली ऊब घेऊन जातो. आंघोळीच्या ओल्या अंगाला वारा लागला की शहारा येतो ना, तसंच. मग पाणी त्याला पुन्हा पोटात घेतं आणि दोघं मिळून दिव्यापाशी परत येतात. मोटर नाही, पट्टा नाही, आवाज नाही. सगळं आपापल्या वजनानं उतरत जातं, म्हणून कपाट अगदी समपातळीत उभं हवं. कललं, की आतलं पाणी एखाद्या वळणात अडकून बसतं. मग दिवा दिवसभर जळो, कपाट कोमटच.

निघताना उस्तादांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बाकी काही करण्याआधी पाणसळ लावून बघ. पाणसळ म्हणजे गवंडी वापरतात ती पातळी बघायची पट्टी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. दुसरी, सगळं करून थकलास तर कपाट उलटं कर. ही दुसरी गोष्ट मला थट्टा वाटली. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही कपाट उलटं करताना पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो, हत्यारांची पिशवी घेतली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी घेतली आणि एस.टी. पकडली.

शिवरे

कात्रजचा घाट उतरून शिवऱ्याला गाडी चहाला थांबली. रस्त्याच्या कडेला छपराचं हॉटेल होतं आणि बाहेर एक बाक. मी बशी बाकावर ठेवली तर ती सरकत सरकत कडेला गेली आणि चहा धोतरवाल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायावर सांडला. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण मग मी माफी मागून गप्प बसलो असतो. त्याऐवजी मी पिशवीतून पाणसळ काढली, बाकावर ठेवली आणि चारचौघांना दाखवलं की हा बुडबुडा बघा, तो उजवीकडे पळाला म्हणजे तुमचा बाक डावीकडे खचलाय. लोक जमले. हॉटेलवाल्यानं आतला बाक मोजायला सांगितला, मग चुलीचा कट्टा, मग गल्ल्याची पेटी. मी पुण्याचा मिस्त्री म्हणून मिरवत सगळं मोजलं. कंडक्टरनं घंटा वाजवली तेव्हा धावत जाऊन गाडीत बसलो.

पाणसळ गल्ल्याच्या पेटीवरच राहिली. हे मला वेल्ह्याला पोचेपर्यंत कळलं नाही.

मार्गासनी

नसरापूरला उतरलो तर पुढची गाडी नव्हती. कामथडीकडून येणारा कौलांचा ट्रक वेल्ह्याच्या वाटेनं जाणार होता, त्याची वाट बघत दोन तास बसलो आणि माझी लादी गोणपाटातून ठिबकत राहिली. येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारी, पाव्हणं, पोत्यात काय हाय? बर्फ म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नसे आणि हात लावून बघत. हात लावून लावून त्यांनी पावशेर तरी वितळवला असेल.

ट्रक मार्गासनीला आला तेव्हा इंजिन तापलं म्हणून थांबला. रस्त्याकडेच्या शेतात एक कुटुंब हरभरा काढत होतं. त्यांनी आम्हाला न विचारताच आगटी पेटवली, हरभऱ्याचे डहाळे त्यात टाकले आणि भाजलेले घाटे पुढ्यात ओतले. बोटं, ओठ, सदरा सगळं काळं झालं. आमच्या घरी जेवायला बसायचं तर आधी पाट, मग रांगोळी नसली तरी पाणी फिरवणं, आणि आई वाढेपर्यंत हात मांडीवर. इथे उकिडवं बसून तोंड काळं करण्यात जी चव होती ती मला नंतर कुठल्या पंगतीत सापडली नाही. पलीकडे गुंजवणी वाहत होती, बांधावर पळस पेटलेला होता, आणि शेताची मालकीण मला सारखी खा म्हणून आग्रह करत होती. आज त्यांतलं कुणी हयात असेल असं वाटत नाही. नावही विचारायचं राहिलं.

वेल्हे, पहिला दिवस

मोटार गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या माळावर उभी होती. तिथून वर चाकाची वाटच नव्हती. वर तासाभराच्या चढावर धनगरांची वाडी होती आणि त्यांच्याच गुरांना लस टोचायची होती. डॉक्टर उंच, हळू बोलणारे. त्यांनी लसीच्या काचेच्या कुप्या थर्मासमध्ये हलवल्या होत्या आणि थर्मासमधला बर्फ सुपारीएवढा उरला होता. माझी लादी पाहून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एवढ्या बर्फावर परवा सकाळपर्यंत निभेल, असा त्यांनी अंदाज केला. तोवर कपाट गार झालं नाही तर लस म्हणजे नुसतं पाणी.

मोटारीचा ड्रायव्हर शंकरराव, आणि वाडीतून रोज खाली येऊन बसणारे कोंडिबा ढेबे. कोंडिबांचं वय साठीच्या आसपास असेल. खांद्यावर घोंगडी, बोलणं कमी. लसीबद्दल वाडीला पटवलं होतं ते त्यांनीच. ते लहान असताना बुळकांडी आली होती आणि आठ दिवसांत गुरांचा वाडा रिकामा झाला होता, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. पुढची दोन वर्षं कोंडिबांच्या आईनं ताक घुसळायची रवी भिंतीला टांगून ठेवली होती आणि ती रोज पुसायची. घुसळायला काही नव्हतं, पण ती पुसायची.

मी पिशवी उघडली आणि पाणसळ नाही हे पाहिलं. खरं सांगून टाकायला काय हरकत होती? पण डॉक्टरांनी नुकताच माझा हात धरलेला, शंकरराव मला मिस्त्री मिस्त्री करत होते, आणि मी पडलो पुण्याचा. मी मागे सरून एक डोळा मिटला, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणालो, सरळ आहे.

डोंगराच्या पायथ्याशी सगळंच तिरकं असतं. झाडं तिरकी, घरं तिरकी, बांध तिरके. तिथे तिरकं उभं असलेलं कपाट डोळ्याला सरळच दिसणार. हे तेव्हा कळलं असतं तर ही हकीकत लिहावी लागली नसती.

मग मी मला येत होतं ते केलं. नळ्यांना नाक लावून हुंगलं. अमोनिया गळत असेल तर डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास येतो आणि मग कपाट भंगारात, पण वास नव्हता. दिव्याची ज्योत मात्र पिवळी आणि धुरकट होती, आणि धुराड्यात काजळीचा थर. शंकररावांना विचारलं तर म्हणाले, गार होईना म्हणून मी वात वाढवली, जाळ जास्त तर गारवा जास्त. मी त्यांना भलं मोठं व्याख्यान दिलं. धुराडं साफ केलं, वात कापली, ज्योत निळी केली आणि जाहीर केलं की सकाळी बर्फ झालेला बघा.

कोंडिबा हे सगळं उकिडवे बसून बघत होते. त्यांनी एकच विचारलं.

“मिस्त्री, खाली विस्तू घालायचा आन् वर गार व्हायचं, ह्ये खरं हाय का?”

मी ओल्या अंगाचं आणि वाऱ्याचं उदाहरण देऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले की डॉक्टर म्हणत्यात म्हंजी असंल. माझ्यावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसरा दिवस

सकाळी कपाट उघडलं तर आतून कोमट वाफ आली. दिव्यावरची नळी हात लावता येणार नाही इतकी तापलेली, आणि तिच्या पुढच्या नळ्या थंडगार मढ्यासारख्या. म्हणजे आत काहीच फिरत नव्हतं. डॉक्टरांनी थर्मास उघडून बर्फ पाहिला आणि लगेच झाकण लावलं.

कोंडिबांची बायको ठकूबाई न्याहारी घेऊन वरून उतरल्या होत्या. नाचणीची भाकरी, तिच्यावर मुठीएवढं लोणी आणि लसणाची चटणी. आमच्याकडे लोणी म्हणजे गोकुळाष्टमीला हातावर ठेवायचा थेंब, आणि तोही कृष्णाच्या नावानं. मी अजून तोंड धुतलेलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या आधी खा, मग धू. मी खाल्लं आणि इतकं चांगलं खायला आपण काही केलेलं नाही असं वाटत राहिलं.

तेवढ्यात मोटारीपलीकडे चरत असलेल्या शेळ्यांपैकी एक व्यायली. करडू पडलं ते हलेचना. नाकातोंडात पाणी गेलेलं. कोंडिबा उठले, त्यांनी करडू मागच्या दोन पायांना धरून उचललं, डोकं खाली केलं आणि गोफण फिरवावी तसं दोनदा फिरवलं. नाकातून चिकट पाणी ओघळलं. खाली ठेवून पाठीवर एक चापट दिली, करडू शिंकलं आणि मान हलवायला लागलं. ठकूबाईंनी ते शेळीपुढे ठेवलं आणि त्या भाकरी वाढायला परत आल्या, जसं काही विशेष घडलंच नाही.

मी भाकरी हातात धरून बसून राहिलो. कोंडिबा हात पुसत माझ्याशेजारी बसले.

“नगं तिथं पानी अडाकलं,” ते म्हणाले, “तर उलटं धरावं. आपसूक वाटंला लागतंय.”

ते करडाबद्दल बोलत होते. मला उस्ताद दिसत होते, दुखरा गुडघा चोळत कपाट उलटं कर म्हणून सांगणारे. सहा वर्षांत त्यांना मी कधी थट्टा करताना पाहिलं नव्हतं, मग हीच एक गोष्ट मला थट्टा का वाटली असेल?

दिवा विझवला, रॉकेलची टाकी काढली, आणि आम्ही चौघांनी कपाट मोटारीतून उतरवून पेंढ्यावर डोक्यावर उभं केलं. पहिली काही मिनिटं काहीच नाही. मी नळ्यांना कान लावला. मग आत कुठेतरी गुळगुळ असा आवाज झाला आणि पाणी खळाळत उतरलं. कोंडिबांनीही कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्यांना आता त्या कपाटावर भरवसा वाटायला लागला होता, कारण त्याच्या पोटात गुरगुरत होतं. तासभर तसंच ठेवलं, मग कुशीवर, मग पुन्हा उलटं, आणि दुपारी सरळ केलं. सरळ केल्यावर आतलं सगळं आपापल्या जागी बसेपर्यंत दोन-तीन तास दिवा लावायचा नसतो.

त्या वेळात मला एकच प्रश्न खात होता. पाणी अडकलंच का? मोटारीत चढून रिकाम्या जागेकडे बघत बसलो. खिशातली पेन्सिल काढून फळीवर ठेवली आणि ती घरंगळत मागच्या दारातून खाली माळावर पडली. शिवऱ्याची बशी आठवली. ती सकाळ, ते जमलेले लोक, गल्ल्याची पेटी.

मी खाली उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझी पाणसळ शिवऱ्याला राहिली, काल मी पातळी बघितलीच नाही, नुसती बघितल्यासारखी केली. मोटार मागे कललेली आहे आणि कपाट त्यामुळेच बंद पडलंय. लाज वाटली, पण सांगून झाल्यावर हलकंही वाटलं. डॉक्टर एवढंच म्हणाले की आता सांगितलंत, उद्या सांगितलं असतंत तर उपयोग नव्हता.

मोटार तिरकी का लावली, असं मी शंकररावांना विचारलं. शेजारीच सपाट जागा होती. शंकरराव कोंडिबांकडे बघायला लागले. मग कळलं की आठ दिवसांपूर्वी मोटार त्या सपाट जागेवरच होती, पण ती जागा अरुंद, मोटार तिथे मागं घेऊनच बसायची आणि तिची पाठ गडाकडे येत होती. गडावर देवी. तिच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या दवाखान्यात वाडीतलं कुणी गुरू आणायला तयार होईना. शंकरराव स्वतः रोज उदबत्ती लावणारे, त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी मोटारीचं तोंड देवीकडे केलं, म्हणजे चढाकडे, आणि मागच्या चाकांना दगड लावले. पूर्वी मुक्काम दोन दिवसांचा असायचा, इथे रोग जवळ आल्यामुळे तो लांबला. आठ दिवस ते कपाट देवीकडे तोंड वर करून उभं होतं आणि आतून सुकत होतं.

मी म्हटलं, मोटार फिरवा. शंकरराव नाही म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं तरी ते हलेनात. त्यांचं म्हणणं असं की मोटार फिरवली तर उद्या एकही गाय खाली येणार नाही, मग लस गार असून काय करायची? ते खरंच होतं. सगळे कोंडिबांकडे बघायला लागले. ते एकदा गडाकडे बघून उठले आणि कुदळ घेऊन आले.

“तोंड हाय तिकडंच ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “फुडची चाकं खाली घ्या. द्येवीम्होरं वाकायला काय हरकत न्हाई.”

मग आम्ही पुढच्या चाकांखाली खणलं. पायथ्याची जमीन मुरमाची, कुदळ ठणठण करायची. पातळी बघायला ठकूबाईंनी पितळी परात आणली. तिच्यात बोटभर पाणी घालून आम्ही ती कपाटाच्या जागेवर ठेवली आणि कडेनं पाणी सारखं येईपर्यंत कधी या चाकाखाली, कधी त्या चाकाखाली ओंजळभर माती काढत राहिलो. ठकूबाई परातीपाशी बसून सांगत होत्या, हिकडं कमी हाय, आता तिकडं जादा. माझ्या हरवलेल्या पाणसळीपेक्षा त्यांचा डोळा पक्का होता. अखेर मोटार गडाकडे तोंड करून गुडघे टेकून उभी राहिली. कपाट आत चढवलं, दिवा लावला, ज्योत निळी केली. या वेळी मी काहीही जाहीर केलं नाही.

तिसरा दिवस

पहाटे डॉक्टरांनी मला हलवून उठवलं. थर्मासमध्ये बर्फाचा तुकडा राहिला नव्हता, फक्त थंड पाणी. ते स्वतः कपाट उघडायला तयार नव्हते. मी उघडलं. आतल्या नळीवर पांढरं दव गोठलेलं होतं, साखर शिंपडावी तसं. थर्मामीटरचा पारा हव्या त्या रेघेच्या खाली होता. डॉक्टरांनी एकेक कुपी आत ठेवली आणि शेवटची ठेवल्यावर ते मोटारीच्या पायरीवर बसले. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

ऊन वर आल्यावर डोंगरावरून घंटांचा आवाज उतरायला लागला. गाई, म्हशी, कालवडी, पुढे कोंडिबा. डॉक्टरांनी विचारलं, किती आहेत? कोंडिबा म्हणाले, जनावर मोजू नये, मोजलं की नजर लागती, नावं इचारा. डॉक्टरांचे हात सुईत गुंतलेले, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ढवळी, कपिली, मोरी, हरणी, चांदी, बांडी, तांबू. टोचलं की कोंडिबा त्या जनावराच्या कानाशी काहीतरी बोलत आणि पुढचं नाव सांगत. एकही नाव सांगताना त्यांना थांबावं लागलं नाही. मी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आणि मीही मोजल्या नाहीत.

सगळं उरकल्यावर ठकूबाई कपाट बघायला आल्या. बर्फासाठी कपाटात पाणी भरून ठेवलेल्या तसराळ्यातला पहिला तुकडा मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चटकन दुसऱ्या हातावर घेतला, मग पहिल्या.

“ही तर गार,” त्या म्हणाल्या. “वळवाच्या पावसात पडती ती.”

तो तुकडा त्यांनी वितळेपर्यंत सोडला नाही आणि मग ओला हात शेजारच्या गाभण कपिलीच्या पाठीवरून फिरवला.

निघताना कोंडिबा परतीच्या ट्रकपर्यंत आले. मी म्हणालो, काही झालं तर कळवा. मला खरं तर एवढंच हवं होतं की माझ्या खोट्या ‘सरळ आहे’पायी वाया गेलेल्या त्या रात्रीत लस बिघडलेली नसावी. डॉक्टरांचा भरवसा होता, माझा नव्हता. ते कोंडिबांना समजलं असावं.

“मला लिवता येत न्हाई,” ते म्हणाले. “दसऱ्याला लोणी धाडीन. आलं तर समजा रवी फिरतीया. न्हाई आलं, तर इचारायला येऊ नका.”

परतताना शिवऱ्याला उतरलो. पाणसळ गल्ल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवली होती आणि बाहेरच्या बाकाच्या डाव्या पायाखाली चपटा दगड सारलेला होता. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मला तो चहा गोड लागला नाही.

पुणे, दसरा

पावसाळाभर मी वेल्ह्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिलो. श्रावणात कळलं की बुळकांडी नदी ओलांडून अलीकडे आली, दोन गावांत गोठे रिकामे झाले. वाडीचं कुणाला माहीत नव्हतं. उस्तादांना मी पाणसळीपासून सगळं सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर ओझं थोडं त्यांच्याकडे गेलं असतं.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा मांडली. पाने, पक्कड, हातोडे, आणि मधोमध झेंडूचं फूल वाहिलेली पाणसळ. दसऱ्याचा दिवस उजाडला, दुपार झाली. दुकान बंद करायची वेळ आली तरी मी झाडू मारत होतो, एकाच जागी.

वेल्ह्याच्या गाडीचा कंडक्टर चौकशी करत आला. त्याच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेलं, वरून ओलं फडकं गुंडाळलेलं गाठोडं होतं. तो म्हणाला, म्हातारबांनी तुमच्याच हातात द्या म्हणून सांगितलंय, आणि शाळेच्या गुरुजींकडून हा कागद लिहून घेतलाय. कागदावर ना नमस्कार ना खुशाली. नुसती नावं, एकाखाली एक.

मी पिशवीतून माझा फाल्गुनातला कागद काढला. उस्ताद गुरुजींच्या कागदावरून वाचत गेले आणि मी माझ्या कागदावर खूण करत गेलो. ढवळी. कपिली. मोरी. हरणी. चांदी. दोन्ही बाजू संपल्या, एकही नाव उरलं नाही. उस्ताद थांबले आणि म्हणाले, एक आणखी आहे. मी म्हटलं, माझ्याकडे संपली. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं, गारी, कपिलीची.

उस्तादांनी गाठोडं सोडलं, बोटभर लोणी पाणसळीपुढे ठेवलं, बोटभर मला दिलं, आणि बाकीचं कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या रॉकेलच्या कपाटात ठेव म्हणाले. मी आधी परातीत पाणी घेऊन आलो आणि ते कपाट सरळ उभं आहे का ते बघितलं.